नदीच्या दरडीत दडलेला महाराष्ट्र

डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी दख्खनच्या नद्यांचे काठ पायी तुडवून महाराष्ट्राचा इतिहास लाखो वर्षे मागे नेला. उपग्रहांच्या युगात त्यांच्या कार्याचे स्मरण करण्यास वेगळेच कारण आहे.

पुण्याहून नाशिककडे निघालेला प्रवासी भोसरी मागे टाकतो, मोशीला इंद्रायणी ओलांडतो आणि चाकणच्या कारखान्यांच्या दिशेने पुढे जातो. वाहनांच्या गर्दीत पुलाखालच्या नदीकडे पाहायला कुणाला सवड नसते. पुढे हाच रस्ता भामा, भीमा, घोड, मीना, कुकडी, मुळा आणि प्रवरा या नद्या ओलांडत अखेर गोदावरीच्या काठी पोहोचतो. जेमतेम दोनशे किलोमीटरांच्या वाटचालीत नऊ नद्या. सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या या नद्यांनी आपल्या दोन्ही काठांवर गाळाचे जे थर रचून ठेवले आहेत, त्यांत महाराष्ट्राचा सर्वांत जुना इतिहास नोंदलेला आहे. लिपी नसलेल्या या दफ्तराची पाने पद्धतशीरपणे उलगडण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. ह. धी. सांकलिया यांना द्यावे लागते.

सांकलिया यांनी संशोधनाला हात घातला तेव्हा महाराष्ट्राचा इतिहास सर्वसाधारणपणे सातवाहनांपासून सुरू होत असे. लेणी, नाणी आणि ताम्रपट यांच्या पलीकडे अभ्यासकांची नजर फारशी जात नव्हती. सांकलिया यांनी निवृत्ती घेतली तेव्हा हाच इतिहास ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांपर्यंत आणि त्याही मागे दगडी हातकुऱ्हाडी घडविणाऱ्या आदिमानवापर्यंत जाऊन पोहोचला होता. मधल्या तीन-साडेतीन दशकांतील त्यांच्या कामाचे केंद्र पुणे होते, आणि त्याची सुरुवात पुण्याच्याच परिसरात झाली होती.

आर्यांच्या शोधातून पुरातत्त्वाकडे

हसमुखभाईंचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत, वकिलीची परंपरा असलेल्या गुजराती कुटुंबात झाला. दिवस पूर्ण होण्याआधीच जन्मलेले हे मूल इतके अशक्त होते की ते जगेल याची घरच्यांना खात्री नव्हती. पुढे याच मुलाने भर उन्हात मैलोगणिक नदीपात्रे पालथी घातली.

शाळकरी वयातच लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद त्यांच्या हाती पडला. ग्रंथ त्या वयात पूर्ण समजणे शक्यच नव्हते. परंतु आर्य कोण, ते कुठून आले आणि त्यांच्या आधी या भूमीवर कोण राहत होते, हे प्रश्न मनात घर करून बसले. त्यासाठी संस्कृत शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून संस्कृत विषय घेऊन ते पदवीधर झाले. फादर हेन्री हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. घरच्या परंपरेनुसार कायद्याची पदवीही मिळविली. मात्र कोर्टाची पायरी चढण्याऐवजी ते लंडनला गेले.

लंडन विद्यापीठात गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहीत असताना त्यांना डॉर्सेट परगण्यातील मेडन कॅसल येथील उत्खननात भाग घेण्याची संधी मिळाली. त्या उत्खननाचे प्रमुख होते मॉर्टिमर व्हीलर, जे पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. जमिनीतील प्रत्येक थर वेगळा ओळखायचा, त्याची नोंद ठेवायची आणि वस्तू कोणत्या थरात मिळाली हे वस्तूइतकेच महत्त्वाचे मानायचे, ही व्हीलर यांची शिस्त होती. सांकलिया यांनी ती आयुष्यभर सोडली नाही.

भोसरीच्या शिळा आणि साबरमतीची वाळू

पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले होते. ऑगस्ट १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभे राहिले आणि सांकलिया तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. संस्था नवी, पैसा बेताचा, उत्खननाची साधने जवळपास नाहीत. अशा वेळी त्यांनी दूरच्या प्रसिद्ध स्थळांकडे न पाहता पुण्याच्या भोवतालचा परिसर पाहण्यास सुरुवात केली. भोसरी येथील मोठ्या शिळांच्या प्राचीन स्मारकांवर त्यांनी लिहिलेला लेख १९४० मध्ये संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाणारे भोसरी आणि त्याला लागून असलेला मोशीचा परिसर तेव्हा निव्वळ शेतीचा मुलूख होता. महाराष्ट्राच्या प्रागितिहासाचा शोध कारखान्यांच्या या पट्ट्यातून सुरू झाला होता, हे तेथील आजच्या रहिवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

पुढच्याच वर्षी त्यांच्या संशोधनाला निर्णायक वळण मिळाले. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुजरातमध्ये साबरमतीच्या काठी आदिमानवाची दगडी हत्यारे आढळली होती. त्यांची पुन्हा तपासणी करावी, या पुरातत्त्व खात्याचे तत्कालीन महासंचालक काशिनाथ दीक्षित यांच्या सूचनेवरून सांकलिया १९४१ मध्ये गुजरातेत मोहीम घेऊन गेले. फूट यांचे म्हणणे खरे ठरले. हत्यारे नदीकाठच्या गोट्यांच्या थरात होती. त्या थरावर पोयट्याची आणि त्याहून वर वाऱ्याने आणलेल्या वाळूची जाड रास होती. वाळूच्या या टेकड्यांवर लांघणज येथे आणखी वेगळी, नखाएवढ्या बारीक दगडी पात्यांची हत्यारे मिळाली. १९४४ मध्ये इरावती कर्वे यांच्यासह केलेल्या कामात तेथे मानवी सांगाडेही हाती लागले.

सांकलिया यांच्या दृष्टीने हत्यारांइतकीच महत्त्वाची ठरली ती थरांची ही रचना. जिथे एकेकाळी वेगवान प्रवाह मोठे गोटे वाहून आणत होता, तिथेच नंतर वारा वाळूचे ढीग रचत होता. म्हणजे या प्रदेशाचे हवामानच बदलले होते. माणसाची हत्यारे समजून घ्यायची तर तो ज्या भूमीवर वावरत होता, ती कशी घडली आणि कशी बदलली, हे आधी समजून घ्यावे लागेल, हा विचार येथून त्यांच्या कामाचा पाया झाला. १९४९ मध्ये त्यांनी लंडनच्या फ्रेडरिक झॉयनर या भूकालगणनेच्या नामांकित अभ्यासकाला भारतात बोलावले आणि त्यांच्यासह हे काठ पुन्हा पाहिले. मातीचे नमुने घेणे, कणांचे आकार मोजणे, वाळू पाण्याने आणली की वाऱ्याने हे ओळखणे, ही भूविज्ञानाची कामे भारतीय पुरातत्त्वज्ञाच्या नित्यक्रमात आली ती या काळात.

दरड कशी वाचायची?

महाराष्ट्रातील नद्यांकडे सांकलिया वळले ते ही दृष्टी घेऊन. येथे एक पूर्वग्रह आडवा येत होता. मद्रासकडे किंवा गुजरातेत आदिमानवाने हत्यारांसाठी वापरलेला क्वार्टझाइट हा कठीण दगड दख्खनच्या पठारावर सहसा मिळत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडलेल्या या काळ्या कातळाच्या प्रदेशात पुराश्मयुगीन माणूस राहिला असेल का, याविषयी साशंकता होती. पैठणजवळ मुंगी येथे १८६० च्या दशकात एका भूवैज्ञानिकाला गोदावरीच्या गाळात प्राण्यांच्या अश्मीभूत हाडांबरोबर अकीक दगडाचा एक छिलका मिळाला होता. पण एका छिलक्यावर इतिहास उभा राहत नाही.

नाशिकजवळ गंगापूरच्या परिसरात सांकलिया यांना गोदावरीच्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी आणि फरशीसारखी रुंद धारेची हत्यारे सापडली, आणि ती येथल्याच काळ्या दगडाची होती. गोदावरीच्या या पुराश्मयुगीन हत्यारांवरील त्यांचा प्रबंध १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनच्या कातळावरही आदिमानव नांदला होता, हे आता नाकारणे शक्य नव्हते.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. उन्हाळ्यात नदी आटली की काठाची उभी दरड उघडी पडते. सर्वांत खाली काळा कातळ असतो. त्यावर दगडगोट्यांचा, चुनखडीने सिमेंटसारखा घट्ट झालेला थर दिसतो. त्याच्या वर वाळू, मग पिवळसर तपकिरी पोयटा आणि माथ्यावर शेतकऱ्याची काळी माती. काही ठिकाणी गोटे आणि पोयटा यांची ही जोडी पुन्हा पुन्हा येते. मोठा गोटा वाहून नेण्यास प्रवाहाला जोर लागतो. बारीक पोयटा मंद पाण्यात बसतो. पोयट्यात आढळणारे चुनखडीचे खडे कोरड्या हवामानाची साक्ष देतात. गोट्यांत अडकलेले हत्यार कडा झिजून गुळगुळीत झाले असेल तर ते दुरून वाहत आले असणार. धार शाबूत असेल तर माणूस जवळच कुठे तरी बसून ते घडवत असणार. ही सारी चिन्हे नोंदवीत, दरडीचा नकाशा काढीत पुढच्या वळणापर्यंत चालत जायचे आणि तेथे पुन्हा तेच करायचे. काम कंटाळवाणे आणि श्रमाचे असे. सांकलिया ते स्वतः करीत आणि विद्यार्थ्यांकडूनही करवून घेत.

प्रवरेच्या काठी

१९५० नंतरचा काळ सांकलिया यांच्या कार्याचा सर्वांत फलदायी काळ म्हणता येईल. १९५०-५१ मध्ये नाशिक आणि संगमनेरजवळचे जोर्वे येथे उत्खनन झाले. प्रवरेकाठच्या या छोट्या गावात तांब्याच्या कुऱ्हाडी आणि तांबड्यावर काळ्या रंगात नक्षी काढलेली सुबक मातीची भांडी मिळाली. तशीच भांडी पुढे महाराष्ट्रभर अनेक ठिकाणी सापडत गेली आणि इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांच्या त्या संस्कृतीला जोर्वे हे नाव जगभरच्या ग्रंथांत कायमचे मिळाले.

त्यानंतर नर्मदाकाठचे महेश्वर व नावडातोली आणि १९५४ पासून नेवासे. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे मराठी माणसाला परिचित आहे ते ज्ञानेश्वरीमुळे. इंद्रायणीकाठी आळंदीला समाधी घेणाऱ्या ज्ञानदेवांनी भगवद्गीतेवरील आपले भाष्य प्रवरेकाठी नेवाशाला सांगितले. त्याच गावाशेजारच्या लाडमोड नावाच्या पांढरीच्या टेकाडात सांकलिया व त्यांचे सहकारी शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी खणण्यास सुरुवात केली. वरच्या थरांत मुसलमानी अमदानीचे अवशेष, त्याखाली सातवाहनकाळ व रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा, त्याखाली ताम्रपाषाणयुगातील घरे आणि लहान मुलांची कुंभांतील दफने मिळाली. टेकाडाला लागूनच वाहणाऱ्या प्रवरेच्या दरडीत याहून कितीतरी जुनी हत्यारे आणि अश्मीभूत हाडे होती. मानवाच्या वाटचालीचे बहुतेक सारे टप्पे एका गावाच्या शिवारात दाखविता यावेत, असे ठिकाण विरळाच.

नेवाशाच्या दरडीत सांकलिया यांना आणखी एक गोष्ट आढळली. हातकुऱ्हाडींच्या थराहून वर, वेगळ्या गोट्यांच्या थरात गारगोटीच्या जातीच्या रंगीत दगडांची लहान, छिलक्यांवर घडविलेली हत्यारे होती. ही हत्यारे मधल्या टप्प्याची आहेत हे त्यांनी थरांच्या क्रमावरून ओळखले आणि १९५६ मध्ये तसे प्रसिद्ध केले. भारतातील मध्य पुराश्मयुगाच्या अभ्यासाला त्यामुळे निश्चित आधार मिळाला. पुढे त्यांच्याच निमंत्रणावरून आलेल्या गुड्रुन कोर्व्हिनस या जर्मन विदुषीने १९६६ ते १९६९ या काळात नेवाशाजवळ चिरकी येथे उत्खनन करून हातकुऱ्हाडी घडविणाऱ्या माणसांची वावरण्याची जागाच उजेडात आणली.

१९६८ मध्ये शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे उत्खनन सुरू झाले आणि ते १९८३ पर्यंत चालले. म. के. ढवळीकर व अन्सारी यांच्यासह झालेल्या या दीर्घ उत्खननात शंभराहून अधिक घरांचे अवशेष, धान्याची कोठारे, बार्ली, गहू व कडधान्यांचे जळके दाणे आणि चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसविलेले एका प्रौढ पुरुषाचे दफन मिळाले. नदीच्या पाण्यासाठी काढलेला पाट आणि बांध यांच्या खुणाही मिळाल्या. इनामगावच्या शेवटच्या काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांड्यांची कारागिरी घसरते, शिकारीचे प्रमाण वाढते. पाऊस कमी होत गेला आणि शेतकरी पुन्हा भटक्या जीवनाकडे वळला, असा अर्थ ढवळीकर यांनी लावला. दुष्काळ ज्यांच्या पाचवीला पुजलेला आहे अशा शिरूर, श्रीगोंदा परिसरातील शेतकऱ्याला ही तीन हजार वर्षांपूर्वीची कहाणी परकी वाटणार नाही.

शिष्यांनी बदललेले निष्कर्ष

इतके मोठे काम करणाऱ्या संशोधकाचे सारेच निष्कर्ष काळाच्या कसोटीवर उतरतात असे नाही. नावडातोलीच्या काही भांड्यांचे इराणमधील भांड्यांशी साम्य पाहून सांकलिया यांनी पश्चिमेकडून आलेल्या लोकांचा, पर्यायाने आर्यांचा संबंध सुचविला होता. पुढील अभ्यासकांनी तो स्वीकारला नाही. रामायणातील लंका मध्य भारतात शोधणारे त्यांचे १९७३ मधील पुस्तकही वादग्रस्त ठरले.

याहून महत्त्वाचा बदल झाला तो नद्यांच्या बाबतीत. गोट्यांचा थर म्हणजे पावसाळी काळ आणि पोयट्याचा थर म्हणजे कोरडा काळ, असे समीकरण झॉयनर आणि सांकलिया यांच्या पिढीने मांडले होते. त्यावरून एका नदीचे थर दुसऱ्या नदीच्या थरांशी जुळविले जात. हे समीकरण तपासण्याचे काम डेक्कन कॉलेजमध्येच सुरू झाले. सांकलिया यांनी भूविज्ञान शिकलेल्या तरुणांना जाणीवपूर्वक पुरातत्त्व विभागात आणले होते. रा. वि. जोशी यांनी मलप्रभेच्या खोऱ्याचा अभ्यास केला, तर शरद राजगुरू यांनी १९७० मध्ये पुण्याच्याच मुळा-मुठेच्या खोऱ्यावर प्रबंध सादर केला. गाळातील शिंपले आणि लाकूड यांचे वय कार्बन-१४ पद्धतीने मोजता येऊ लागले, तेव्हा काठावरील बराचसा गाळ अवघ्या काही दहा हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे दिसून आले. सारख्या दिसणाऱ्या थरांचे वय सारखे असतेच असे नाही, आणि जुन्या थरांतून सुटलेली हत्यारे नव्या थरांत जाऊन बसतात, हेही स्पष्ट झाले.

राजगुरू आणि भूगोलतज्ज्ञ विश्वास काळे यांनी १९८७ मध्ये 'नेचर' या विख्यात नियतकालिकात दख्खनच्या नद्यांचा जो इतिहास मांडला, त्यात मोसमी पावसाच्या कमी-अधिक होण्याशी नद्यांचे वागणे जोडलेले होते. पाऊस क्षीण झाला की नदीला डोंगरउतारांवरून येणारा गाळ वाहून नेणे झेपत नाही आणि ती पात्र भरत जाते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस पुन्हा बळावला तेव्हा याच नद्यांनी आपलाच गाळ कापून खोल पात्रे तयार केली. आज पुलावरून दिसणाऱ्या उंच दरडी त्या कापाकापीतून उरलेल्या आहेत.

हत्यारांचे वयही मागे सरकत गेले. नेवाशाच्या थरांतील चुनखडीच्या खड्यांचे युरेनियम पद्धतीने काढलेले वय साडेतीन लाख वर्षांहून अधिक भरले. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडीच्या काठी हातकुऱ्हाडींबरोबर ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. ही राख सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या प्रचंड स्फोटातून आलेली, की त्याहून कित्येक लाख वर्षे जुनी, यावर दीर्घकाळ वाद झडला. तमिळनाडूत अत्तिरमपक्कम येथील हातकुऱ्हाडी तर सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले आणि तेथे उत्खनन करणाऱ्या शांती पप्पू या डेक्कन कॉलेजच्याच विद्यार्थिनी. गुरूने दिलेली उत्तरे शिष्यपरंपरेने बदलली. पण ती बदलण्यासाठी वापरलेली रीत, दरडीपाशी जाऊन थर तपासण्याची, गुरूकडूनच आलेली होती. संशोधकाचे यश मोजण्याचे याहून चांगले माप दुसरे नसेल.

आकाशातून दिसणारी नदी

भूमीचा अभ्यास आकाशातून करण्याची कल्पना सांकलिया यांच्या विद्यार्थिदशेतही नवी नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत प्राचीन वस्त्यांच्या खुणा शोधून काढल्या होत्या. १९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह अवकाशात गेला आणि दूरसंवेदनाचे नवे दालन उघडले. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण उपग्रहाचा संवेदक टिपतो. ओलसर माती, कोरडी वाळू, उघडा कातळ आणि हिरवे पीक यांच्याकडून हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात परावर्तित होतात. बुजून गेलेल्या नदीच्या पात्रात ओल अधिक टिकते, तेथील झाडोरा अधिक तजेलदार असतो आणि जमिनीवर उभ्या माणसाला न दिसणारी नागमोडी रेघ चित्रात उमटते.

१९८० च्या सुमारास यशपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँडसॅटच्या चित्रांतून घग्गर नदीचे कोरडे पडलेले विशाल पात्र दाखविले आणि लुप्त सरस्वतीची चर्चा देशभर सुरू झाली. या चमूतील धर्मपाल अग्रवाल हे कार्बन-१४ पद्धतीने भारतीय उत्खननांतील कोळशाची वये काढणारे संशोधक होते. पात्र चित्रात दिसले. परंतु त्यातून हिमालयाचे पाणी नेमके केव्हा वाहत होते, हे चित्र सांगू शकत नव्हते. त्यासाठी त्या पात्रात खोल छिद्रे घेऊन वाळू बाहेर काढावी लागली. सतलजने ते पात्र सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच, म्हणजे हडप्पाची नगरे उभी राहण्याच्या बऱ्याच आधी सोडले होते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासाने दाखविले. त्यावरही मतभेद आहेत. मात्र ते मिटतील तर जमिनीतील गाळाच्या साक्षीनेच, हे साऱ्यांना मान्य आहे.

दख्खनच्या नद्यांच्या बाबतीत ही मर्यादा अधिकच जाणवते. गंगा-यमुनेसारखी येथे गाळाची विस्तीर्ण मैदाने नाहीत. नदी कातळात रुतलेली, गाळाचा पट्टा अरुंद आणि महत्त्वाचे थर दहा-वीस मीटर पोयट्याखाली गाडलेले. वरून पाहणाऱ्या संवेदकाला माथ्यावरची काळी माती आणि त्यातील ऊस दिसतो. दरडीच्या तळाची हातकुऱ्हाड दिसत नाही. कोणत्या वळणावर काठ कापला जात आहे, कुठे घळी पसरत आहेत, कुठे जुना गाळ अजून शाबूत आहे, हे उपग्रह अचूक सांगू शकतो. २००० सालानंतर उपलब्ध झालेल्या उंचीच्या नकाशांमुळे तर संपूर्ण खोऱ्याचा चढउतार घरबसल्या मोजता येतो. कुठे जायचे हे त्यामुळे चटकन ठरते. गेल्यावर काय पाहायचे, हे ठरविण्यासाठी अजूनही सांकलिया यांचीच वाट धरावी लागते.

अखेरचा काळ आणि मागे उरलेले काठ

सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. भारत आणि पाकिस्तानच्या प्रागितिहासावरील त्यांच्या बृहद्ग्रंथाची सुधारित आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी मराठीत सिद्ध केलेले 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' हे पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये आत्मचरित्र आले. संशोधन सामान्य वाचकापर्यंत पोहोचले पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष होता.

भारताचा नियमित सेवेसाठीचा पहिला दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच, २८ जानेवारी १९८९ रोजी सांकलिया यांचे पुण्यात निधन झाले. ज्या नद्यांचे काठ त्यांनी पावलांनी मोजले होते, त्यांची चित्रे आता दर काही दिवसांनी आकाशातून येऊ लागली होती.

त्यानंतरच्या तीन-साडेतीन दशकांतील चित्रे एकापुढे एक ठेवली तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती सुखावह नाही. प्रवरेच्या काठी एकेकाळी दूरवर पसरलेल्या घळी सपाट करून तेथे शेते झाली आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच. पण घळींच्या उघड्या भिंतींत वाचता येणारे थर त्याबरोबर गेले. भीमा आणि घोड यांच्या पात्रांतील वाळूचा उपसा हा तर नित्याचा प्रश्न झाला आहे. वीटभट्ट्यांना काठाचा पोयटाच लागतो. पुण्याच्या उत्तरेला भोसरीपासून चाकणपर्यंत शेते जाऊन कारखाने, गोदामे आणि गृहसंकुले उभी राहिली. मोशीच्या परिसरातील दगडखाणींनी टेकड्या पोखरल्या. शहराला घरे हवीत आणि घरांना वाळू, वीट व खडी हवी, हे नाकारता येणार नाही. परंतु लाखो वर्षांत रचला गेलेला गाळ एकदा उचलला की तो पुन्हा रचता येत नाही. देवळाचा चिरा ढासळला तर निदान कुणी तरी हळहळते. दरड ढासळली तर त्यात काय होते, हे विचारायलाही कुणी नसते.

कायद्याने संरक्षण मिळते ते लेण्यांना, किल्ल्यांना आणि काही मोजक्या टेकाडांना. नदीकाठच्या गाळाचा तुकडा वारसा म्हणून राखावा, ही कल्पना आपल्याकडे अजून रुजलेली नाही. निदान पूल, बंधारे वा काठाची बांधकामे सुरू होण्याआधी एखाद्या भूपुरातत्त्वज्ञाने ती दरड पाहून तिची नोंद करावी, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ साधेल. कुठल्या दरडी अजून उरल्या आहेत, याची यादी उपग्रहचित्रांवरून थोडक्या दिवसांत तयार होऊ शकेल. नोंद करण्याचे प्रशिक्षण देणारी, सांकलिया यांनी घडविलेली संस्था याच शहरात आहे.

मोशीच्या पुलाखालून इंद्रायणी आळंदीकडे जाते, तुळापूरला भीमेला मिळते आणि खाली गेल्यावर भीमेत घोडही येऊन मिळते. इनामगावच्या शेतकऱ्याने जिच्या पाण्यावर बार्ली पिकविली, त्या घोडचे आणि मोशीखालून गेलेल्या इंद्रायणीचे पाणी पुढे एकच होते. त्या पाण्याने काठावर मागे ठेवलेला गाळ वाचण्याची दृष्टी सांकलिया यांनी दिली. तो वाचायला शिल्लक ठेवायचा की नाही, हे मात्र काठावर राहणाऱ्यांनाच ठरवावे लागेल.